कोरमला एक कमी

देवपूर, धुळे
मंगळवार, दुपार (आई झोपली आहे तेवढ्यात)

तीर्थरूप पुनामामा आणि संघमित्रामामी,

तुमच्या भाचीचा, म्हणजे मृणालीचा, दोघांना वाकून सलाम, आणि मामींना त्यांच्या माहेरच्या मानाचा जय भीम वेगळा. आम्ही इकडे प्रभूच्या कृपेने बरे आहोत, आईचा गुडघा सोडून. गुडघ्याचं असं आहे की तो चर्चला जाताना दुखतो आणि बाजारात जाताना राहतो, त्यामुळे डॉक्टरला नेमकं काय सांगावं ते आम्हाला कळत नाही. तुमची शुगर कशी आहे? मामींचा खांदा? दीपनगरला वाळत घातलेल्या कपड्यांवर अजून पॉवर स्टेशनची राख पडते का? मागे तुम्ही आईला पांढरी साडी दिली होती ती पहिल्यापासूनच करडी होती असं आई म्हणते, पण ती प्रेमाने म्हणते. सुयशदादाला सांगा की तो ठेवून गेलेला चार्जर माझ्याकडे आहे, आणि तो चालत नाही, आणि तो माझ्याकडे आला तेव्हाच चालत नव्हता.

तुम्ही म्हणाल आजकाल पत्र कोण लिहितं. फोनच करणार होते. पण फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नाताळला तुमचा फोन आला तेव्हा मी हॅलो म्हणाले, मग तुम्ही हॅलो म्हणालात, मग मी फोन आईकडे दिला, आणि तुम्ही आईला म्हणालात की पोरगी आता बरीच बोलायला लागली. शिवाय विषय आपल्या चर्चचा आहे. चर्चचं नाव निघालं की तुम्हाला रेंज नसते, हे आम्ही अकरा वर्षं बघतोय. (मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तुम्हाला घेतलं आणि कोणी सुप्रभात टाकायच्या आत तुम्ही बाहेर पडलात, हे देवचंदनाना अजून लोकांना सांगतात. रागाने नाही. थोडं रागाने.) पत्राचं बरं असतं, मध्येच कोणी कट करत नाही. फाडलं तरी मला दिसत नाही.

तर बातमी अशी की मी चर्चच्या कमिटीत आहे. हसू नका. आई हसली होती, तिला ठसका लागला आणि पाणी मलाच आणावं लागलं.

झालं असं. महिन्यापूर्वी आपल्या सेंट बार्नबा चर्चची वार्षिक सभा होती. वार्षिक सभा म्हणजे भक्ती संपल्यावर सगळे भुकेलेले तिथेच बसून राहतात, आणि देवचंदनाना सेक्रेटरी म्हणून वर्षाचा जमाखर्च वाचतात. नाना एस.टी. डेपोतून रिटायर झाले, पण जगातली प्रत्येक गोष्ट वेळेवर सुटावी असं त्यांना अजून वाटतं, त्यामुळे ते बिचारे कायम दुःखात असतात. तर त्यांनी वाचलं: छपराचे नवीन पत्रे. लोकांनी माना हलवल्या. पाळकसाहेबांचा पगार. माना हलवल्या. (पाळकसाहेब नवीन आहेत, तुम्ही पाहिलेले नाहीत. नंदुरबारकडचे. आवाज बारीक आहे, पण प्रवचन लहान करतात म्हणून लोकांना आवडतात.) विजेचं बिल, माना. आणि मग नानांनी "किरकोळ" असं वाचलं आणि सगळे जागे झाले. किरकोळमध्ये काय काय? उंदराचं औषध. उंदीर मेले का? एक मेला. एका उंदराला एवढं औषध? बाकीच्यांनी खाल्लं नाही. मग उरलेलं दुकानदाराला परत का नाही केलं? यावर जितका वेळ गेला तितका पत्र्यांना, पगाराला आणि बिलाला मिळून लागला नव्हता. आणि हे सगळं झाल्यावर पाळकसाहेबांनी बारीक आवाजात सांगितलं की त्यांनी डोकी मोजली आहेत आणि कोरम नाही, म्हणून जे झालं ते झालंच नाही असं समजा. उंदीर पण.

कोरमचं तुम्हाला माहीत असेल, पण मला तेव्हाच कळलं. यादीत जेवढी मोठ्या माणसांची नावं, त्यांचा तिसरा हिस्सा माणसं सभेत बसलेली पाहिजेत. नाहीतर सभा धरत नाही. यादीत एकशे एकोणीस नावं आणि बसलेली माणसं सव्वीस (दोघं झोपलेले, पण झोपलेले मोजतात). कारण आपल्याकडे माणूस पुण्याला जातो, सुरतला जातो, देवाघरी सुद्धा जातो, पण यादीतून जात नाही. घरचे काढूच देत नाहीत. आणि वर बिशपसाहेबांच्या धर्मप्रांताला दरवर्षी वर्गणी द्यायची ती यादीतल्या डोक्यांवर लागते. म्हणजे आपली मंडळी सुरतवाल्यांची भरते, देवाघरच्यांचीही भरते, आणि पत्रे गळतात.

त्यावर पाळकसाहेबांनी तिथेच धर्मप्रांताच्या ऑफिसातून आलेलं पत्र वाचलं. सलग तीन वर्षं आपली सभा धरली नाही, हिशोब मंजूर नाहीत. यंदा कोरम झाला नाही तर आपलं चर्च जळगावच्या चर्चला जोडणार. पाळकसाहेबांची बदली होणार, आणि महिन्यातून एका रविवारी जळगावहून कोणीतरी येऊन भक्ती घेणार, बस वेळेवर आली तर.

हे वाचल्यावर सगळे गप्प झाले. मी तर आधीच गप्प होते, पण माझं गप्प बदललं. मामा, तुम्हाला सांगते. मला लोकांसमोर बोलता येत नाही. नववीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं, मी उभी राहिले, घंटा झाली तरी उभीच, आणि मग घरी आले ती आलेच. आता आईबरोबर पिको-फॉल करते, मशीनला काही सांगावं लागत नाही. पण चर्चमध्ये सगळे एकदम बोलतात ना, पाळकसाहेब एक ओळ म्हणतात आणि आपण सगळे मिळून उत्तर देतो, तेव्हा मी पण बोलते. मोठ्याने बोलते. कोणी वळून बघत नाही. महिन्यातून एकदा भक्ती झाली म्हणजे मी महिन्यातून एकदाच बोलणार.

मग नाना म्हणाले, माणसं वाढत नाहीत ना, मग यादी कमी करू. कोणीतरी घरोघर जाऊन विचारायचं, येणार आहात की नाव कमी करू. वर्गणी पण उतरेल, कोरम पण खाली येईल. कोण जाणार? सगळ्यांनी आपापल्या चपला कुठे आहेत ते बघितलं. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, आपल्याला युवा प्रतिनिधी नाही, त्याला निवडणूक लागत नाही, मी नेमू शकतो, मृणालीला नेमतो, ती जाईल. कोणाची हरकत? कोणाची हरकत? कोणाची हरकत? माझीच होती. पण हरकत घ्यायला उभं राहावं लागतं, आणि उभं राहून बोलता येत असतं तर मी नववीतून घरी कशाला आले असते. म्हणून मी एकमताने नेमली गेले. (बिनमताची. मत द्यायला अठरा पूर्ण लागतात, मला मे महिन्यात होतील.)

नानांनी मला एक वाक्य लिहून दिलं. "आपण मंडळीत नियमित उपस्थित राहणार आहात, की आपले नाव कमी करावे?" मी ते पाठ केलं आणि शिलाई मशीनसमोर म्हणून बघितलं. एकदम छान आलं.

पहिलं घर सुगंधाअक्कांचं. त्या खाटेवर आहेत, चार वर्षांत चर्चला आलेल्या नाहीत, म्हणून नाना म्हणाले सोपं आहे, तिथून सुरू कर. मी दारात गेले आणि वाक्यातला पहिला शब्द सोडून सगळं विसरले. "आपण," म्हणाले आणि थांबले. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे उधार मागायला आलेय. "तू कोनी पोर शे व?" मी म्हणाले सुलक्षणाची. "मनं नाव खोडाले उनी का?" आता खरं उत्तर हो होतं. पण मामा, त्या उठून बसायला लागल्या, खाटेची दोरी करकरली, सून धावत आली, आणि माझ्या तोंडून निघालं "नाही". हा त्या दिवसातला माझा दुसरा शब्द. झालं, अक्का खूश. "मंग बठ्ठास्नं नाव लिख," म्हणाल्या. सुनेचं लिहायला लावलं, दोन्ही मोठ्या नातवांचं लिहायला लावलं (ते दोघं दहा वर्षांपासून यादीबाहेर, कारण कोणी विचारलंच नव्हतं), आणि पाळण्यातल्याचंही लिहायला लावलं. (ते नंतर नानांनी खोडलं. तो रडला नाही.) चहा दिला, वर फॉल लावायला दोन साड्या दिल्या. एक नाव काढायला गेले, तीन घेऊन आले.

मला वाटलं पुढच्या घरी सुधारेल. नाही सुधारलं. प्रत्येक घरी तेच. मी दारात उभी राहते, "आपण" म्हणते, आणि गप्प. मामा, मला आता एक गोष्ट कळली आहे: आपल्या लोकांना कोणी गप्प बसलेलं चालत नाही. समोरचा बोलला नाही की ते स्वतःच सुरू करतात. मी काही विचारायच्या आत सांगायचे, आम्ही येत नाही कारण मागच्या ईस्टरला आमच्या मुलीला ढोलकी दिली नाही, किंवा कोणीतरी आमच्या जावयाला म्हणालं की तुम्ही पाहुणे मागे बसा. मी ऐकायची. ते अजून सांगायचे. मग शेवटी कंटाळून, किंवा माझी दया येऊन, स्वतःच म्हणायचे, बरं ठीक आहे, येतो आम्ही, आणि आमच्या सुनेचं नाव लिहा. जे देवाघरी गेलेत त्यांची नावं काढायला लोक तयार झाले, पण एकाच्या बदल्यात दोन देऊन.

एरंडोलला पण गेले होते. एस.टी.ने, एकटी. (तिकीट मागताना कंडक्टरला "एरंडोल" म्हणावं लागलं. म्हणाले.) तिथे समाधानदादाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. तो सात वर्षांपूर्वी धुळ्याहून तिकडे गेला, आता तिकडच्याच एका मंडळीत जातो, म्हणून नानांनी त्याच्या नावासमोर आधीच फुली मारून ठेवली होती. मी दुकानात एका स्टुलावर बसले. तो एका मोबाईलचं पोट उघडून काम करत होता. मी बसून राहिले. त्याने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग म्हणाला, मला माहीत आहे तू कशाला आलीस, मला फोन आला होता, पण माझं नाव काढायचं नाही म्हणजे नाही. माझ्या आजोबांच्या शेजारची जागा धुळ्याच्या कब्रस्तानात माझी आहे, नाव गेलं की जागा गेली. "एरंडोलला मी जगायला आलोय, मरायला मला धुळ्यालाच यायचंय!" तो पस्तीस वर्षांचा आहे, मामा, आणि एकदम तब्येतीत. मी त्याच्याकडे बघत राहिले. काही बोलले नाही, खरंच सांगते, मला काही सुचलंच नाही. पण त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. तो लाल झाला, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, बरं बाई, मरायच्या आधी पण एकदा येतो. बायकोला घेऊन येतो. भावाला पण आणतो. लिही त्यांची नावं.

आणि एक माझ्याकडून फारच झालं. चर्चच्या समोर अमृतलाल शेठचं किराणा दुकान आहे, ते तुम्हाला आठवत असेल, त्यांच्याकडून तुम्ही लहानपणी आवळ्याची गोळी घ्यायचात असं आई सांगते. मी यादी घेऊन त्यांच्या दुकानासमोरून जात होते तर त्यांनी हाक मारली. "काय लिहून राहिली बेटी? मंडळीची नावं? मग मेरा भी लिख. चाळीस साल झाले, तुमची घंटा झाली की मी शटर उघडतो. मैं भी तो हूँ." आता ते मारवाडी जैन, रोज देरासरात जाणारे, सूर्य मावळला की पाणी पण मोजून पिणारे. त्यांना नाही कसं म्हणायचं ते नानांच्या वाक्यात नव्हतं. मी पेन्सिलीने लिहिलं, म्हणजे पाप अर्धंच लागेल.

यादी घेऊन मी नानांकडे गेले. नानांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. एकशे चौतीस. "तुला नावं कमी करायला पाठवलं होतं," ते म्हणाले, "तू जनगणना करून आलीस!" मग त्यांनी हिशोब केला. कोरम वर गेला, वर्गणी वर गेली. म्हणाले, आता एवढी माणसं आणायची कुठून, आणि पैसे काय झाडाला लागतात? मी पेन्सिल खाली ठेवली. ते म्हणाले, निदान आत्ता तरी काहीतरी बोल. मी म्हणाले, अक्कांच्या सुनेने चहात आलं फार छान टाकलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

मी घरी येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले. (आईला सांगू नका, तिला वाटलं सुई लागली.) कारण मला दिसत होतं, जळगाव, महिन्यातून एक रविवार, आणि सगळं माझ्या एका "नाही"मुळे.

पण मामा, पुढे काय झालं ते ऐका. नियम असा की नवी यादी सभेच्या आधी दोन रविवार चर्चच्या दाराला लावायची. नानांनी डिंक लावून चिकटवली, कारण नियम म्हणजे नियम. आणि त्या रविवारी लोक आपलं नाव बघायला आले! ज्यांनी कधी दार बघितलं नव्हतं ते दारात गर्दी करून उभे. माझं नाव जावयाच्या खाली कसं? मी मोठी आहे! आमचं आडनाव चुकलंय! भांडायला आलेले लोक भक्तीची घंटा झाल्यावर परत कसे जाणार, सगळ्यांनी बघितलेलं असतं. आले आत. बाकं कमी पडली, पाळकसाहेबांनी सतरंज्या टाकल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी इतका मोठा निघाला की त्यांनाच दचकायला झालं. आणि आपण सगळे मिळून उत्तर देतो ना, ते इतकं जोरात झालं की अमृतलाल शेठ दुकानातून बाहेर येऊन उभे राहिले.

(शेठचं नाव यादीतून काढावं लागलं. पाळकसाहेब स्वतः गेले समजावायला. शेठ म्हणाले, ठीक है साहेब, मत नको, मान पुरे, सभेच्या दिवशी चहा-साखर माझ्याकडून. नानांनी ते जमेत कोणत्या नावाखाली लिहायचं याचा दोन दिवस विचार केला आणि "किरकोळ" लिहिलं. मला वाटतं यंदा किरकोळवर भांडण होणार नाही.) वर्गणीचं पण होईल असं वाटतं. नव्यांपैकी बऱ्याच जणांनी आपापली आणून दिली, आणि सुगंधाअक्कांनी वेलावरचं एक भलंमोठं डांगर पाठवलं. ते भक्तीनंतर लिलावाला ठेवलं तर पहिल्याने घेतलं आणि चर्चला परत दिलं, दुसऱ्याने घेतलं आणि परत दिलं, असं ते डांगर पाच घरांना विकलं गेलं आणि संध्याकाळी पाळकसाहेबांच्या भाजीत गेलं.

आता असं आहे. सभा परत ठेवली आहे, या रविवारी नाही, पुढच्या रविवारी. शेठ गेल्यावर यादीत एकशे तेहतीस नावं. कोरम पंचेचाळीसचा. नाना रोज संध्याकाळी कोण कोण नक्की येणार ते बोटांवर मोजतात, आणि रोज चव्वेचाळीसच होतात. सुगंधाअक्कांना खाटेसकट आणायचं ठरलंय, ते धरून. मला मत नाही म्हणून मला मोजत नाहीत. एक कमी, मामा. एवढी सगळी माणसं आणली आणि एक कमी.

इथे तुमचं नाव येतं. तुमचं नाव यादीत पहिल्यापासून आहे. तुम्ही अकरा वर्षांत आला नाहीत, आणि काढूही दिलं नाहीत. तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते, म्हणून आईने सांगितलेलं बरोबर आहे का ते तुम्ही बघा. नर्मदाआजी गेली, तुम्ही तिच्या आठवणीत चर्चला पंखा दिला. तीन पात्यांवर पेंटरकडून लाल रंगात लिहून घेतलं: एका पात्यावर "कै. नर्मदाबाई", दुसऱ्यावर "लहानू शिरसाठ", तिसऱ्यावर "यांचे स्मरणार्थ". तो वेदीसमोर लावला. आणि त्या वर्षीच्या सभेत देवचंदनानांनी ठराव मांडला की देवाच्या घरात वस्तूंवर माणसांची नावं नकोत, पंख्यावरचं नाव रंगवून बुजवावं आणि पंखा मागे लावावा. ठराव पास झाला. तुम्ही उठलात आणि म्हणालात, माझ्या आईला मागे बसवता काय, आणि गेलात ते दीपनगरलाच. आई म्हणते त्या दिवशी जेवणात भरीत-पुरी होती आणि तुम्ही पुरीला हात पण लावला नाहीत. आई ते जास्त वेळा सांगते.

नानांनी मला सांगितलं, तुझ्या मामाला लिही. त्याने नाव कमी करायच्या अर्जावर सही करून पाठवावी. एक नाव कमी झालं की एकशे बत्तीस होतात, कोरम चव्वेचाळीसचा होतो, आणि बरोब्बर बसतो. वर्गणी पण एकाची वाचते. त्यांनी अर्ज लिहून दिलाय, परतीचं पाकीट तिकीट लावून दिलंय (तिकीट किरकोळमध्ये). तर मामा, नानांच्या सांगण्यावरून विनंती की सोबतच्या अर्जावर सही करून लवकर पाठवावा. तुम्हाला अकरा वर्षांत यायचं नव्हतंच, तेव्हा तुम्हाला काही फरक पडणार नाही, आणि इकडे चर्च वाचेल. एवढंच काम होतं.

मामींना सलाम. सुयशदादाला चार्जर हवा असेल तर सांगा. आई उठली वाटतं, गुडघा बोलतोय.

तुमची भाची,
मृणाली
(युवा प्रतिनिधी, बिनमताची)

ता. क. अर्ज मी पाकिटात घातलेला नाही. घालायला घेतला होता, पण त्यावर तुमचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पुढे "कमी करावे", आणि माझा हात पुढे गेला नाही. नानांना सांगितलं की घातला. तिकीट लावलेलं पाकीट वाया जाऊ नये म्हणून हे पत्र त्यातूनच पाठवतेय, वरचा पत्ता खोडलाय, तो वाचू नका. तुम्ही सही केलीत तरी चव्वेचाळीस पुरतात आणि आलात तर पंचेचाळीस होतात, दोन्हीकडून कोरम भरतो. नानांना पहिलं सोपं वाटतं. मला दुसरं. पहाटेची भुसावळहून निघणारी गाडी धरलीत तर भक्तीच्या आधी पोचाल. आईने भरताची शेवटची वांगी सांगून ठेवलीत, ते तिने मला सांगू नको सांगितलंय.

ता. क. दुसरा. विषयपत्रिका दाराला लावलीय. सातवा विषय आहे: "मागील प्रलंबित – पंखा रंगवणे, खर्चास मंजुरी." म्हणजे असं झालं की ठराव पास झाला, पंखा मागे गेला, पण रंगाच्या खर्चाची मंजुरी आधी दरवर्षी किरकोळच्या भांडणात राहून गेली आणि मग तीन वर्षं कोरमच झाला नाही, म्हणून आजीचं नाव अजून जसंच्या तसं आहे. आता कोरम होणार. म्हणजे आपल्यामुळेच आजी रंगणार! मी ठरवलंय, सातव्या विषयाला मी उभी राहणार. मत नसलं तरी बोलता येतं असं पाळकसाहेब म्हणाले. एक वाक्य पाठ केलंय, या वेळी माझं मी लिहिलंय. मशीनसमोर चारदा म्हटलं, एकदाही अडलं नाही. तुम्ही आलात तर पहिल्या बाकावर बसू नका, मला घाम फुटेल. मागे बसा, पंख्याखाली.

ता. क. तिसरा. पंख्यावरून आठवलं, त्याचा कंडेन्सर गेलाय. तुम्ही पॉवर स्टेशनात एवढी मशिनं सांभाळता, तुमच्यासाठी हे काहीच नाही. येताना एक घेऊन या, पण बसवायचा की नाही ते आत्ता सांगता येत नाही. कारण असं आहे, तो पंखा आता इतका हळू फिरतो की पहिल्यांदाच पात्यांवरचं वाचता येतं. आधी नुसती लाल रेघ दिसायची. आता प्रवचन चालू असताना मागचे सगळे मान वर करून आजीचं नाव वाचतात, एक पातं, दुसरं पातं, तिसरं पातं. गुडघे गेल्यापासून देवचंदनाना पण मागेच बसतात, बरोबर त्याच्या खाली. मागच्या रविवारी त्यांना कोणी म्हणालं नाना, पुढे चला, तिकडे नवीन पंखा आहे, तर नाना वर बघून म्हणाले, "राहू दे. माले नर्मदाबाईना वारा बरा शे." मी शेजारी होते, माझ्या कानांनी ऐकलं. तर नवीन कंडेन्सर टाकला तर वारा बक्कळ येईल पण नाव परत दिसणार नाही, आणि नाही टाकला तर नाव दिसेल पण मार्च लागलाय, लोक उकडून मरतील. मी नानांना विचारलं काय करायचं. ते म्हणाले, असं कोणा एकाला ठरवता येत नाही, सभेसमोर ठेवावं लागेल. आणि सभेला कोरम लागतो.